शोथरोधी नेत्रबिंदू
शोथरोधी नेत्रबिंदू : डोळ्यातील शोथ (दाहयुक्त सूज) व वेदना कमी करण्यासाठी थेंबांच्या रूपात वापरावयाची औषधे. अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये १९४८ साली फिलिप हेंच व त्यांच्या सहकाऱ्यांनी संधिशोथाच्या रुग्णास कॉर्टिसोन दिले. त्याचा प्रभाव पाहून थोड्याच काळात नेत्ररोगांतही स्टेरॉइडांचा उपयोग सुरू झाला. शोथामुळे जाणारी दृष्टी अनेकदा वाचू लागली; तथापि, दीर्घकालीन वापराने काही रुग्णांत डोळ्यातील दाब वाढून काचबिंदू होतो, असे आढळून आले. हा दाब हळूहळू वाढल्यास वेदना होत नाहीत व दृष्टी नकळत क्षीण होते. मोतीबिंदूचा धोकाही असतो.

ॲस्पिरिनामुळे शोथकारक प्रोस्टाग्लँडिनांची निर्मिती रोखली जाते, हे जॉन व्हेन यांनी १९७१ मध्ये दाखविले. याच तत्त्वावर कार्य करणारे फ्लुर्बिप्रोफेन, डायक्लोफिनॅक, किटोरोलॅक इ. स्टेरॉइडविरहित नेत्रबिंदू पुढे प्रचारात आले. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर ते विशेष उपयुक्त ठरतात. त्यांनी डोळ्यातील दाब सहसा वाढत नाही. मात्र क्वचित स्वच्छमंडलास (बुबुळावरील पारदर्शक पटलास) गंभीर इजा होते. वेदना थांबल्यावरही मूळ रोग चालू राहू शकतो. म्हणून दोन्ही प्रकारची औषधे नेत्रतज्ञाच्या देखरेखीखालीच वापरावी लागतात.