डेटा-गळती खंडणी (उत्पादन उद्योग)

डेटा-गळती खंडणी : कंपनीच्या संगणकांतील फायली आधी गुपचूप चोरायच्या, मग संगणक कुलूपबंद करायचे आणि पैसे न मिळाल्यास चोरलेल्या फायली उघड करण्याची धमकी द्यायची, असा रॅन्समवेअर टोळ्यांचा गुन्हा. यालाच ‘दुहेरी खंडणी’ म्हणतात. मेझ या टोळीने 2019 च्या अखेरीस ही पद्धत रूढ केली. आयबीएमच्या वार्षिक अहवालांत 2021 पासून सलग काही वर्षे सर्वाधिक हल्ले उत्पादन क्षेत्रावर झाल्याची नोंद आहे. कारखान्याला बंद पडलेली लाइन परवडत नाही, हे त्याचे नेहमी दिले जाणारे कारण फक्त कुलूपबंदीला लागू पडते. नॉर्वेची अ‍ॅल्युमिनियम कंपनी नॉर्स्क हायड्रो मार्च 2019 मध्ये खंडणी न देता, हाताने काम चालवून आणि बॅकअपच्या आधारे सावरली. चोरीवर मात्र बॅकअप हा उपाय नाही. शिवाय सुटे भाग बनवणाऱ्याकडची ड्रॉइंग बहुधा ग्राहकाची असतात. 2020 मध्ये डॉपलपेमर टोळीने कोलोरॅडोतील व्हिसर प्रिसिजनची कागदपत्रे उघड केली, त्यांत लॉकहीड मार्टिन, टेस्ला व स्पेसएक्स यांच्याशी संबंधित कागद होते. एप्रिल 2021 मध्ये तैवानच्या क्वांटा कंपनीने 5 कोटी डॉलर देण्यास नकार दिल्यावर रेव्हिल टोळी थेट तिच्या ग्राहकाकडे, म्हणजे अ‍ॅपलकडे वळली.

साउथवायर प्रकरण : जॉर्जिया राज्यातील कॅरोल्टन येथील या केबल कंपनीवर डिसेंबर 2019 मध्ये मेझने हल्ला केला आणि 850 बिटकॉइन, म्हणजे तेव्हाचे सुमारे 60 लाख डॉलर मागितले. कंपनीने पैसे दिले नाहीत. तिने 31 डिसेंबरला जॉर्जियातील संघीय न्यायालयात अज्ञात आरोपींवर दावा लावला आणि चोरलेल्या फायली टाकण्याचे टोळीचे संकेतस्थळ आयर्लंडमधील सर्व्हरवर असल्याने तेथील उच्च न्यायालयाकडून मनाई हुकूम मिळवला. संकेतस्थळ बंद पडले, पण जानेवारीत टोळीने काही फायली दुसरीकडे टाकल्या. त्यामुळे न्यायालयात जाणे व्यर्थ, असा आक्षेप घेतला जातो. तो अर्धाच खरा आहे. हुकूम टोळीला रोखू शकत नाही, पण संकेतस्थळाला जागा पुरवणाऱ्या नोंदणीकृत कंपनीला बांधतो आणि प्रसार महाग करतो. खंडणी देऊन तर एवढेही हाती लागत नाही. शब्द मोडल्यास पुढचे कोणी पैसे देणार नाही, म्हणून टोळ्या तो पाळतात, हा युक्तिवाद वजनदार वाटतो. परंतु पाळला गेल्याचे दिसते ते फक्त ‘प्रसिद्ध न करणे’. प्रत नष्ट झाली की नाही, हे पैसे देणाऱ्याला तपासता येत नाही. फेब्रुवारी 2024 मध्ये ब्रिटनच्या राष्ट्रीय गुन्हे संस्थेने लॉकबिट या रॅन्समवेअर टोळीची यंत्रणा ताब्यात घेतली, तेव्हा खंडणी भरलेल्यांचाही डेटा तेथे सापडला. म्हणून साउथवायरचा मार्ग अपुरा असला तरी योग्य होता.

शिरकावाची तंत्रे : फसवे ई-मेल, चोरलेले पासवर्ड, न सुधारलेल्या त्रुटी.

भारत : पुण्याच्या टाटा टेक्नॉलॉजीजने 31 जानेवारी 2025 रोजी शेअर बाजारांना रॅन्समवेअर हल्ल्याची माहिती दिली. मार्चमध्ये हंटर्स इंटरनॅशनल टोळीने 1.4 टेराबाइट डेटा चोरल्याचा दावा केला. सर्ट-इन या सरकारी सायबर-सुरक्षा संस्थेच्या एप्रिल 2022 च्या निर्देशांनुसार अशी घटना लक्षात आल्यापासून 6 तासांत त्या संस्थेला कळवावी लागते. ज्याची ड्रॉइंग गेली त्या ग्राहकाला कळवण्याचे बंधन त्या निर्देशांत नाही.