तेलीबांधा ते बोदरी : ई-न्यायालय प्रकल्पाचे स्वरूप आणि मर्यादा

रायपूर : छत्तीसगडच्या राजधानीतील तेलीबांधा परिसर तलावासाठी आणि जुन्या मुंबई-कोलकाता महामार्गावरील वर्दळीसाठी परिचित आहे. येथील पोलीस ठाण्यात नोंदवलेला गुन्हा सुनावणीसाठी रायपूरच्या न्यायालयात जातो. प्रकरण उच्च न्यायालयात गेल्यास पक्षकाराला शंभराहून अधिक किलोमीटर अंतरावरील, बिलासपूरजवळच्या बोदरीची वाट धरावी लागते. केवळ पुढील तारीख समजावी यासाठीही पूर्वी खेटे घालावे लागत. हे अंतर कमी करण्याचे काम ई-न्यायालय प्रकल्प करीत आहे.

तीन टप्पे

सर्वोच्च न्यायालयाची ई-समिती आणि केंद्रीय विधी व न्याय मंत्रालय हा प्रकल्प संयुक्तपणे राबवितात. २००७ मध्ये सुरू झालेल्या पहिल्या टप्प्यात १४,२४९ न्यायालयांचे संगणकीकरण झाले. २०१५ ते २०२३ या दुसऱ्या टप्प्यात ही संख्या १८,७३५ वर पोहोचली. केंद्रीय मंत्रिमंडळाने १३ सप्टेंबर २०२३ रोजी ७,२१० कोटी रुपयांच्या तिसऱ्या टप्प्यास मंजुरी दिली. त्यापैकी २,०३८.४० कोटी रुपये जुन्या कागदपत्रांच्या डिजिटल जतनासाठी आहेत.

पक्षकाराला काय मिळते?

प्रत्येक प्रकरणाला १६ अक्षरांकांचा स्वतंत्र क्रमांक दिला जातो. त्याआधारे प्रकरणाची सद्यःस्थिती, पुढील तारीख आणि आदेश मोबाइलवर पाहता येतात. वाहतूक नियमभंगाची ई-चलने आभासी न्यायालयाकडे जातात. तेथे निश्चित झालेला दंड वाहनमालक घरबसल्या भरू शकतो. आरोप अमान्य असल्यास प्रकरण नियमित न्यायालयाकडे वर्ग होते. नागपूर येथे ३१ ऑक्टोबर २०२० रोजी असे न्यायालय सुरू झाले. छत्तीसगडमध्येही ही सुविधा आहे. कोरोना काळात, ११ जुलै २०२० रोजी छत्तीसगडने दूरदृश्य प्रणालीद्वारे ई-लोकअदालत भरवली. देशातील अशा प्रकारचा तो पहिला उपक्रम मानला जातो.

कायद्याचा आधार

दूरदृश्य प्रणालीद्वारे साक्ष नोंदवता येते, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्र राज्य विरुद्ध डॉ. प्रफुल्ल देसाई या प्रकरणात २००३ मध्येच दिला होता. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५३० नुसार खटल्याची कार्यवाही इलेक्ट्रॉनिक पद्धतीने चालवता येते. गुन्ह्याची माहितीही त्याच पद्धतीने देता येते; मात्र ती देणाऱ्याने तीन दिवसांत स्वाक्षरी करणे बंधनकारक आहे.

कोठे थांबायचे?

ज्या नोटिशीचे पालन न केल्यास अटक होऊ शकते, ती पोलिसांनी व्हॉट्सॲपवर बजावू नये, असे निर्देश सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये दिले. संदेश पाहिलाच गेला नाही, तर नागरिकाचे स्वातंत्र्य धोक्यात येऊ शकते, ही त्यामागील चिंता आहे.

ज्यांच्याकडे स्मार्टफोन नाही किंवा ज्यांना तो वापरता येत नाही, अशा पक्षकारांसाठी न्यायालयांच्या आवारात ई-सेवा केंद्रे आहेत. तेथे प्रकरणाची माहिती आणि ई-दाखल प्रक्रियेसाठी साहाय्य मिळते. तारीख मोबाइलवर कळली, तरी त्या तारखेला सुनावणी होणे न्यायाधीश, वकील आणि साक्षीदार यांच्या उपस्थितीवरच अवलंबून असते. तंत्रज्ञानामुळे खेटे वाचतात. निकालासाठी मात्र न्यायासनावर पुरेसे न्यायाधीश असणे आवश्यकच आहे.