भिवंडी तेव्हा का पेटली नाही?

ऑनलाइन काही मागवलं की पार्सल ट्रॅक करताना 'भिवंडी' हे नाव हमखास दिसतं. आपल्या पिढीला भिवंडी माहीत आहे ती अशी. गोदामं, कंटेनर आणि नाशिक हायवेवरचा ट्रॅफिक जॅम. आईबाबांच्या पिढीला विचारून बघा, ते पहिला शब्द उच्चारतील तो 'दंगल'. आणि त्यांचं काही चुकत नाही. पण याच गावात एक फार वेगळी गोष्टही घडून गेली आहे, आणि ती आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या कानावर कधी आलेलीच नसते. आज त्या गोष्टीबद्दल.

थोडं मागे जाऊ. भिवंडी हे मागांचं गाव. आधी हातमाग, मग यंत्रमाग. जुने कोकणी मुसलमान, उत्तर प्रदेशातून आलेले मोमीन-अन्सारी विणकर, तेलंगणातून आलेले पद्मशाली, मराठी कामगार, गुजराती-मारवाडी व्यापारी अशी सगळी सरमिसळ. सूत एकाचं, माग दुसऱ्याचा, कामगार तिसरा आणि कापड विकणारा चौथा. म्हणजे धंद्यात रोज एकमेकांशी गाठ. तरीही ७ मे १९७० ला शिवजयंतीच्या मिरवणुकीत दंगल भडकली, पुढे जळगाव आणि महाडपर्यंत पोचली आणि दीडशेहून अधिक माणसं गेली. न्यायमूर्ती मादन यांच्या आयोगाने त्याची चौकशी केली आणि अहवालात पोलिसांच्या वागण्यावर कडक ताशेरे ओढले. मग मे १९८४. पुन्हा भिवंडी, आणि या वेळी ठाणे-मुंबईही. अडीचशेहून अधिक मृत्यू.

आता हे वाचून कुणालाही वाटेल की डिसेंबर १९९२ मध्ये बाबरी मशीद पाडल्यावर सगळ्यात आधी पेटली असेल ती भिवंडी. झालं उलटंच. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबईत, श्रीकृष्ण आयोगाच्या आकड्यांप्रमाणे, ९०० माणसं मारली गेली. आणि तिथून तासाभराच्या अंतरावर असलेल्या भिवंडीत दंगल झाली नाही!

का?

१९८८ मध्ये सुरेश खोपडे नावाचे अधिकारी भिवंडीला पोलीस उपायुक्त म्हणून आले. दंगलीसाठी प्रसिद्ध गावात नेहमीचा उपाय म्हणजे जास्त बंदोबस्त, जास्त लाठ्या, राखीव पोलिसांच्या तुकड्या. दुसरा नेहमीचा उपाय म्हणजे शांतता समिती. ती आपल्याकडे जवळपास प्रत्येक गावात असते. सणाच्या आधी किंवा तणाव झाला की पोलीस स्टेशनमध्ये बैठक होते. दोन्हीकडचे पुढारी, नगरसेवक, 'प्रतिष्ठित नागरिक' येतात, चहा-बिस्किटं होतात, 'आपण सगळे भाऊभाऊ' अशी भाषणं होतात, दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो. प्रॉब्लेम असा की आलेल्या माणसांपैकी काहींचं राजकारण तणावावरच चाललेलं असतं. आणि ज्यांच्या गल्लीत दगड पडणार असतात, ती माणसं बैठकीत नसतातच.

खोपड्यांनी हे रचनेतच बदललं. गावभरची एकच समिती न ठेवता मोहल्ल्यामोहल्ल्यात वेगळी समिती. अशा सुमारे ७० समित्या उभ्या राहिल्या. त्यात दोन्ही समाजांची माणसं, आणि तीही साधी, त्याच गल्लीत राहणारी. नेते शक्यतो लांब. समितीशी जोडलेला पोलीस बहुतेकदा साधा हवालदार किंवा शिपाई. ज्याला एरवी फक्त 'उभा राहा, काठी धर' एवढंच सांगितलं जातं, त्याला अख्ख्या मोहल्ल्याची जबाबदारी दिली गेली. मला विचाराल तर या सगळ्यातला सगळ्यात हुशार भाग हाच. साहेबांची बदली होते, पण बीटवरचा शिपाई लोकांना नावानिशी ओळखत असतो.

आणि बैठकीत विषय काय? 'हिंदू-मुस्लिम ऐक्य' नव्हे. नळाचं पाणी, घरमालक-भाडेकरू, नवराबायकोची भांडणं, पैशाची देणीघेणी, कोण रात्री दारू पिऊन तमाशा करतो... थोडक्यात, आपल्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये जे चालतं तेच सगळं. वरवर बघता याचा दंगलीशी काय संबंध?

संबंध आहे, आणि सरळ आहे. छोट्या भांडणातले दोघे दोन धर्मांचे असले तर ते भांडण मोठं व्हायला वेळ लागत नाही. ते गल्लीतच मिटलं तर पुढचं सगळं टळतं. दुसरं म्हणजे अफवा. 'पलीकडच्या मोहल्ल्यात आपल्या माणसाला मारलं' हे वाक्य दंगलीच्या आधी गावभर फिरतं. पलीकडे कुणीच ओळखीचं नसेल तर ते खरंच वाटणार. पण गेल्याच आठवड्यात पाण्याच्या विषयावर ज्याच्याशी तासभर वाद घातला तो माणूस पलीकडे राहत असेल, तर त्याला जाऊन विचारता येतं, "काय हो, खरं का हे?" आमच्या भाषेत सांगायचं तर सिस्टीम पडल्यावर मॉनिटरिंग बसवून उपयोग नसतो, ते आधीपासून चालू असावं लागतं.

राज्यशास्त्रज्ञ आशुतोष वार्ष्णेय यांनी २००२ च्या आपल्या पुस्तकात नेमकं हेच मांडलं. १९५० ते १९९५ मधल्या हिंदू-मुस्लिम दंगलींची आकडेवारी त्यांनी तपासली. मृत्यूंपैकी ४ टक्क्यांपेक्षाही कमी खेड्यांत झाले होते, बाकी सगळे शहरांत. त्यांचं म्हणणं असं की मोठ्या शहरात नुसते शेजाऱ्याशी चांगले संबंध पुरत नाहीत. दोन्ही समाजांना एकत्र बांधणाऱ्या संस्था लागतात. भिवंडीच्या समित्यांची दखल त्यांनी घेतली ती यासाठीच.

आता थोडी शंका. कोणी म्हणेल, १९८४ च्या नुकसानीनंतर यंत्रमागवाल्यांनाच दंगल परवडणारी नव्हती. असेल. एकाच कारणाने इतिहास घडत नाही. पण १९७० च्या नुकसानीनंतरही १९८४ झालंच होतं, हेही विसरून चालणार नाही. शिवाय १९९२ चा डिसेंबर उजाडला तेव्हा खोपडे भिवंडीत नव्हते, त्यांची बदली झाली होती. तरी समित्या चालल्या. याचा अर्थ गोष्ट एका माणसापुरती राहिली नव्हती.

मुंबईनेही नंतर धडा घेतला. दंगलीनंतर पोलीस आयुक्त सतीश साहनी, निवृत्त अधिकारी ज्युलिओ रिबेरो, सुशोभा बर्वे अशा मंडळींच्या पुढाकाराने तिथेही मोहल्ला समित्या निघाल्या. पण त्या आगीनंतर आल्या.

गोष्ट इथेच संपली असती तर किती बरं झालं असतं. ५ जुलै २००६ ला भिवंडीत कब्रस्तानाजवळ पोलीस स्टेशन बांधण्यावरून वाद पेटला. पोलीस गोळीबारात दोघांचा मृत्यू झाला आणि जमावाने दोन पोलीस शिपायांना ठार मारलं. शिपाई! ज्यांच्या भरवशावर ती सगळी व्यवस्था उभी होती, त्याच हुद्द्याची माणसं. एव्हाना समित्या बऱ्याचशा कागदावरच उरल्यात, अशी तक्रार तेव्हा झाली होती.

मला तरी यात आश्चर्य वाटत नाही. जे काम नीट झालं तर काहीच घडत नाही, त्याचं बजेट आणि उत्साह सगळ्यात आधी आटतो. दंगल झाली की आयोग बसतो, अहवाल येतो, पुस्तकं येतात. न झालेल्या दंगलीचा अहवाल कोण लिहिणार? खोपड्यांनी स्वतः याच प्रश्नावर पुस्तक लिहिलं म्हणून निदान ही गोष्ट नोंदली तरी गेली.

असो. सोसायटीच्या मीटिंगला आपण दांडी मारतो, कारण तिथे पार्किंग आणि पाण्याच्या टाकीशिवाय काही नसतं. खरं आहे, नसतं. भिवंडीच्या त्या ७० समित्यांमध्येही बहुतेक दिवस दुसरं काही नव्हतं.