त्सुनामी : रोहा–पेण परिसरातील बचाव व आश्रय

समुद्रतळाशी होणारा भूकंप, भूस्खलन किंवा ज्वालामुखीचा उद्रेक यांमुळे तळापासून पृष्ठभागापर्यंतचे पाणी ढवळून उठणाऱ्या लाटांच्या मालिकेला त्सुनामी म्हणतात. ‘त्सु’ (बंदर) व ‘नामी’ (लाट) या जपानी शब्दांपासून ही संज्ञा बनली आहे. खोल समुद्रात या लाटांचा वेग ताशी सु. ७०० किमी. असतो, किनाऱ्यालगत पाणी उथळ होत जाते, तसा वेग घटतो व लाटेची उंची वाढते.

कोकण किनाऱ्याला हा धोका मुख्यतः पाकिस्तान–इराणच्या मकरान किनाऱ्याकडून संभवतो. तेथे २८ नोव्हेंबर १९४५ रोजी पहाटे ८.१ महत्तेचा भूकंप झाला आणि सु. पाच तासांनी मुंबईला सु. २ मी. उंचीच्या लाटांनी गाठून माणसे वाहून नेली. तेवढा अवधी असूनही तेव्हा सूचना देणारी यंत्रणा नव्हती. २००७ पासून हैदराबाद येथील भारतीय त्सुनामी पूर्वसूचना केंद्र अहोरात्र हे काम करते. दूरचा भूकंप रोहा–पेण असलेल्या रायगड जिल्ह्यात जाणवेलच असे नसल्याने या सूचनेचे महत्त्व फार आहे.

रोहा हे समुद्रापासून आत, कुंडलिका नदीकाठी वसलेले असले, तरी ही नदी रेवदंडा–कोर्लई येथे खाडीरूपाने समुद्राला मिळते आणि खाडीचे पात्र हाच लाटेला आत शिरण्याचा मार्ग ठरतो. त्यामुळे रोहा शहरापेक्षा खाडीमुखाकडील सखल गावांना धोका अधिक आहे. पेणच्या खारेपाटात धरमतर खाडीचे पाणी मातीचे बांध व उघाड्या (पाणी सोडण्याची दारे) यांनी अडवलेले असते. परंतु उधाणाच्या भरतीतही ज्या बांधाला खांड पडते, त्याचा त्सुनामीत आसरा धरणे जीवघेणे ठरेल.

तिथीची पाऊणपट केली असता भरतीची वेळ साधारणपणे निघते, हा कोळ्यांचा जुना हिशेब आहे. त्यानुसार अष्टमीला सहाच्या सुमारास पूर्ण भरती असते. अशा वेळी खाडी एकाएकी ओसरून चिखल उघडा पडला, होड्या गाळात टेकल्या, तर ती ओहोटी नसून त्सुनामीची खूण असू शकते. तेव्हा उघड्या पडलेल्या कालव्यांच्या वा मासळीच्या मागे न लागता तत्काळ उंचावर जावे.

आश्रयासाठी समुद्रसपाटीपासून सु. ३० मी. उंचीची जागा किंवा किनाऱ्यापासून सु. ३ किमी. आतील भूभाग गाठावा, मात्र आत जाताना खाडीकाठचा रस्ता टाळावा. वेळ अपुरा असल्यास भक्कम काँक्रीटच्या इमारतीचा तिसरा वा त्यावरील मजला उपयोगी पडतो. म्हातारी माणसे, लहान मुले व आजारी यांना कोणी न्यायचे, हे गावाने आधीच ठरवून ठेवलेले असावे. पहिली लाट बहुधा सर्वांत मोठी नसते व पुढील लाटा काही तास येत राहतात. म्हणून पाणी ओसरलेले दिसले, तरी प्रशासनाने धोका टळल्याचे जाहीर करेपर्यंत होडी, जाळे वा गुरे पाहण्यासाठी कोणीही खाली उतरू नये.