विजेचा बोर्ड आणि धुलाई यंत्र : अडीच मीटरचा इतिहास

वऱ्हाडातल्या घरांत वीज प्रथम आली तेव्हा तिचा बोर्ड कोठे बसवावा, याचा फारसा विचार करावा लागला नाही. विसाव्या शतकाच्या मध्यास अमरावती आणि अकोला या दोन्ही शहरांत वीजपुरवठा खासगी कंपन्यांकडे होता. एक अमरावती इलेक्ट्रिक सप्लाय कंपनी, दुसरी अकोला इलेक्ट्रिक सप्लाय कंपनी. तार रस्त्यावरच्या खांबावरून येई. त्यामुळे मीटर, मेन स्विच आणि चिनी मातीचे कटआउट असलेली लाकडी फळी रस्त्याकडच्या ओसरीवर लागे. कपडे धुतले जात ते मागच्या अंगणात, विहिरीजवळ किंवा मोरीवर. वीज आणि धुणे यांच्यामध्ये अख्खे घर उभे असे. हे अंतर कोणी ठरवलेले नव्हते. घराच्या रचनेतून ते आपोआप मिळाले होते.

पुढे ते कसे नाहीसे झाले? १९६० साली महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ स्थापन झाले. त्याच दशकात अकोला जिल्ह्यातील पारस येथे औष्णिक वीजकेंद्र सुरू झाले. वीज दिव्या-पंख्यापुरती राहिली नाही. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांवर जाणाऱ्या या भागात पाण्याचा कूलर आला, आणि पाणी, पत्रा व वीज प्रथमच एका पेटीत एकत्र आली. १९८० च्या दशकापासून धुलाई यंत्र मध्यमवर्गीय घरांत येऊ लागले. याच काळात भूखंड लहान झाले, मागचे अंगण गेले. मग जिन्याखालच्या मोकळ्या जागेत मेन स्विच, इन्व्हर्टर आणि धुलाई यंत्र शेजारी शेजारी नांदू लागले. कोणी सोयीसाठी, तर कोणी वायरचा खर्च वाचावा म्हणून ही रचना केली.

याविषयी नियम नव्हते असे नाही. १९५६ च्या भारतीय वीज नियमावलीतील ५१ व्या नियमाने स्विचबोर्डासमोर किमान १ मीटर जागा मोकळी ठेवायला सांगितले होते. हा नियम २५० व्होल्टपेक्षा अधिक दाबाच्या जोडण्यांसाठी, म्हणजे आपल्याकडच्या जिनिंग-प्रेसिंग कारखान्यांसारख्या ठिकाणांसाठी होता. कामगाराला बोर्डासमोर सरळ उभे राहता यावे, अपघात होताच क्षणात मेन स्विचपर्यंत पोहोचता यावे, एवढाच त्याचा साधा अर्थ. घरातला एकफेजी पुरवठा या नियमात येत नव्हता. पण त्यामागचे कारण घरालाही लागू पडते.

घरांसाठी दुसरा दस्तऐवज आहे : वायरिंगविषयीचे भारतीय मानक ७३२. गॅसच्या शेगडीवर किंवा सिंकवर बोर्ड नको. न्हाणीघर, शौचालय, स्वयंपाकघर यांत नको. आणि धुलाईच्या खोलीत धुण्याच्या उपकरणापासून २.५ मीटरच्या आत नको, असे ते सांगते. हा आकडा कोठून येतो? हिशेब करून पाहू. प्रौढ माणसाने दोन्ही हात पसरले तर एका बोटापासून दुसऱ्या बोटापर्यंतचे अंतर साधारण १.७ मीटर भरते. २.५ मीटर अंतर असेल तर एक हात यंत्रावर आणि दुसरा बोर्डावर असे होणे अशक्य. शिवाय पाण्याचे शिंतोडे आणि वाफही तेथपर्यंत सहसा पोहोचत नाही.

“पण यंत्राला अर्थिंग केलेले आहे ना!” असे पुष्कळ जण म्हणतात. येथे भौतिकशास्त्र थोडे अनपेक्षित वागते. यंत्र बोर्डाच्या पुढ्यात असेल तर फ्यूज बसवताना आपण त्याच्या पत्र्यावर रेलतो. हाताला चुकून जिवंत तार लागली, तर पोट टेकलेला तो उत्तम अर्थिंग केलेला पत्राच प्रवाहाला सोपी वाट करून देतो. अर्थिंग हवेच, पण ते मोकळ्या जागेची भरपाई करत नाही.

शिवाय अर्थिंग खरोखर चांगले आहे का? वऱ्हाडची काळी जमीन पावसाळ्यात चिकट ओली असते, तर मे महिन्यात तिला हातभर भेगा पडतात. कोरड्या मातीचा रोध वाढतो. समजा, तो ५० ओहम झाला. यंत्राच्या पत्र्यात २३० व्होल्ट उतरले, तर जमिनीत जाणारा प्रवाह २३० ÷ ५० = ४.६ अँपिअर. १५ अँपिअरचा फ्यूज वितळणार नाही आणि पत्रा जिवंतच राहील. पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात क्षारांमुळे मातीचा रोध कमी असतो खरा, पण तेच क्षार जमिनीतला लोखंडी पाइप गंजवतात.

फ्यूज आणि एमसीबी तारेला जळण्यापासून वाचवतात, माणसाला नव्हे. ओल्या अंगाचा रोध १००० ओहम धरला तर २३० व्होल्टला शरीरातून २३० मिलिअँपिअर प्रवाह जाईल. फ्यूजच्या दृष्टीने तो नगण्य, हृदयाच्या दृष्टीने प्राणघातक. माणूस किती प्रवाह सोसू शकतो, हे मोजण्याचे काम कॅलिफोर्निया विद्यापीठातील चार्ल्स डॅलझिएल यांनी १९४० च्या दशकापासून स्वयंसेवकांवर केले. पकडलेली तार स्वतःहून सोडता येईल असा प्रवाह पुरुषांत सरासरी १६ आणि स्त्रियांत १०.५ मिलिअँपिअर निघाला. आपल्याकडे कपडे धुण्याचे काम बहुतांशी बायकांच्या वाट्याला येते, हे ध्यानात घेतले म्हणजे या दुसऱ्या आकड्याचे महत्त्व कळते.

१९६१ साली डॅलझिएल यांनी ५ मिलिअँपिअर गळतीलाच पुरवठा तोडणारे उपकरण तयार केले. त्याआधी १९५० च्या दशकात दक्षिण आफ्रिकेत हेन्री रुबिन यांनी सोन्याच्या खाणींसाठी असेच काम केले होते. तत्त्व सोपे आहे : फेजमधून गेलेला प्रवाह न्यूट्रलमधून परत यायला हवा, कमी आला तर तो कोठेतरी गळतो आहे. भारतात नियम ६१-अ ने असे उपकरण सक्तीचे केले, परंतु ५ किलोवॉटखालील घरगुती जोडण्या वगळल्या. म्हणजे बहुसंख्य घरे बाहेरच राहिली. २०१० च्या केंद्रीय विनियमांनी घरगुती उपकरणासाठी ३० मिलिअँपिअरची मर्यादा घातली.

वर्गात हा विषय घेताना विद्यार्थ्यांना टेप देऊन घरी पाठवावे. बोर्डापासून यंत्राचे, नळाचे आणि कूलरचे अंतर किती? बोर्डासमोर १ मीटर जागा मोकळी आहे का? ३० मिलिअँपिअरचे गळतीरोधक आहे का, आणि त्याची ‘टेस्ट’ कळ मोठ्यांनी शेवटची कधी दाबली? मोजताना बोर्डाला हात लावायचा नाही, ही सूचना आधी द्यावी. यंत्राला स्वतंत्र १६ अँपिअरचा तीन पिनांचा सॉकेट हवा. कारण २००० वॉटचा हीटर असलेले यंत्र २३० व्होल्टला सुमारे ८.७ अँपिअर घेते. एक्स्टेन्शन बोर्ड तेथे चालणार नाही.

अनेक घरांत अडीच मीटर अंतर सापडणार नाही. अशा वेळी यंत्र हलवणे हा सर्वांत स्वस्त उपाय. ते शक्य नसेल तर परवानाधारक वायरमनकडून बोर्ड कोरड्या भिंतीवर न्यावा. गळतीरोधक दोन्ही प्रकारे बसवावेच, आणि मे महिन्यात अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी ओतायला विसरू नये.