सुईने शोधलेले दप्तर

१८९० साली अमेरिकेत झालेल्या खानेसुमारीच्या मोजदादीसाठी हर्मन हॉलरिथ यांनी माणशी एक कार्ड योजले, आणि ज्याचे त्याचे लिंग, वय, जन्मस्थान, धंदा हे तपशील शब्दांत न लिहिता नेमल्या जागी पाडलेल्या छिद्रांत साठविले. ही युक्ती त्यांना आगगाडीत सुचली; तिकीट भलत्याच्या हाती पडू नये म्हणून कंडक्टर उतारूच्या केसांचा, डोळ्यांचा, नाकाचा विशेष तिकिटावरच छिद्रे पाडून नोंदवीत, हे त्यांनी पाहिले होते. कार्ड यंत्रात ठेवून वरचा दांडा दाबला, की छिद्र असेल तेथे सुई आरपार जाऊन खालच्या पाऱ्यात बुडे, विद्युन्मंडल पुरे होई आणि तबकडीवरचा काटा एक घर पुढे सरके.

परंतु संगणकाच्या सारणीत पूर्णांकाच्या एकाच रकान्यात अनेक खुणा साठविण्याच्या आजच्या रिवाजाचे खरे पूर्वज, माझ्या मते, कडेला खाचा असलेली कार्डे होत. विसाव्या शतकात ग्रंथालयांतून व प्रयोगशाळांतून वापरल्या गेलेल्या या कार्डांच्या चारी कडांना छिद्रांची ओळ असे, आणि जो गुण लागू असेल त्याचे छिद्र कडेपर्यंत कापून त्याची खाच करीत. गठ्ठा नीट जुळवून त्या छिद्रातून लांब सुई ओवायची आणि वर उचलून हलवायची, की खाचेची कार्डे आपसूक खाली गळत व उरलेली सुईवर लोंबत राहत. दोन सुया एकदम ओवल्या, तर दोन्ही खाचा असलेलीच तेवढी गळत.

संगणकाने हीच खाच अंकात आणली. एखाद्या वाचनालयाच्या सारणीत १ म्हणजे अनामत भरलेली, ४ म्हणजे पुस्तक थकलेले, १६ म्हणजे परगावचा सभासद असे संकेत ठरविले, तर तिन्ही लागू असलेल्याच्या रकान्यात २१ हा एकच आकडा पडतो. अनामत भरूनही पुस्तक थकविलेले सभासद हवे असतील, तर द्विमान रूपात दोन्हीकडे एक असेल तेथेच एक ठेवणारी ‘अँड’ ही क्रिया रकान्यातील आकडा व ५ (म्हणजे १ अधिक ४) यांवर करावी, आणि उत्तर ५ च आले पाहिजे असे बजावावे. उत्तर शून्य नसले म्हणजे झाले, अशी ढिलाई केली, तर २० या आकड्याचा, म्हणजे अनामत न भरलेला सभासदही यादीत शिरतो. ही कसूर नित्याची आहे.

यमाताराजभानसलगा हे वृत्तगणांचे सूत्र घोकलेल्या वाचकास हे परके वाटू नये. तीन अक्षरे, प्रत्येक लघु वा गुरू, म्हणून गण आठ. तीन खुणांचीही रूपे आठच. क्रमांकावरून रूप काढण्याच्या कृतीस छंदःशास्त्रात ‘नष्ट’ आणि रूपावरून क्रमांक काढण्याच्या कृतीस ‘उद्दिष्ट’ म्हणतात.

सुईसाठी सारा गठ्ठा उचलावा लागे, तो जाच मात्र गेला नाही. सारणीची साधी सूची आकड्यांच्या लहानमोठेपणावर लागते, आणि १ ची खूण तर प्रत्येक विषम आकड्यात विखुरलेली असते. म्हणून बहुधा एकूण एक नोंद तपासावी लागते. याहून मोठा धोका कोणत्या आकड्याचा अर्थ काय हे सांगणाऱ्या संकेतपत्राचा, कारण छिद्राप्रमाणे आकडाही स्वतःचा अर्थ सांगत नाही. ते पत्र गहाळ झाल्यावरही सुई पूर्ववत चालते आणि कार्डेही गळतात. कोणत्या गुणासाठी गळली, हे मात्र दप्तरात कोणाला सांगता येत नाही.