खानदेशातील केळीचे कुलवृत्त

भुसावळनजीकचे दीपनगर औष्णिक विद्युत्‌केंद्रामुळे प्रसिद्धीस आले. परंतु त्याच्या उत्तरेस तापी ओलांडून यावल व रावेर तालुक्यांत प्रवेश केला की, हा प्रदेश कोणत्या पिकावर उभा आहे याची साक्ष पटते. मृगबाग व कांदेबाग अशा दोन हंगामांत येथे केळीची लागवड होते. बसराई, श्रीमंती, ग्रँड नैन ही वाणांची नावे शेतकऱ्यांच्या तोंडी आहेत. ही नावे भिन्न कुळांची निदर्शक आहेत की एकाच कुळाच्या शाखांची, हा प्रश्न वरवर पाहता वर्गीकरणाचा वाटतो. वस्तुतः त्याच्या उत्तराशी या पिकाचे भवितव्य निगडित आहे.

केळीची वंशावळ लावणे सोपे नव्हे. नासपतीचे वाण कलमांनी टिकविले जातात, तथापि नासपतीस बी धरते. त्यामुळे संशयित मातापित्यांचा संकर करून अनुमान पडताळता येते. खाण्याच्या केळीस बी नाही. मुनव्यापासून झाड, झाडापासून पुन्हा मुनवे, अशा परंपरेने ती शतकानुशतके चालत आली आणि तिच्या मातापित्यांची स्मृती लुप्त झाली.

लिनीअसने १७५३ मध्ये केळीस शास्त्रीय नाव दिले, ते ती एक स्वतंत्र जाती समजून. खाद्य केळी प्रामुख्याने म्यूझा ॲक्युमिनाटा व म्यूझा बाल्बिसियाना या दोन बीजयुक्त रानटी जातींपासून उद्भवल्या, हे मत चीझमन यांच्या १९४७ नंतरच्या लेखनाने दृढ झाले. १९५५ मध्ये सिमंड्स व शेफर्ड यांनी त्यास मोजमापाची जोड दिली. खोडावरील डाग, देठाची पन्हळ, केळफुलाच्या पाकळीचा आकार अशा १५ लक्षणांना प्रत्येकी १ ते ५ गुण द्यावयाचे. बेरीज १५ कडे झुकली तर झाड पहिल्या जातीचे, ७५ कडे झुकली तर दुसऱ्या जातीचे, मधली असल्यास संकरज. यावरून बसराईसारखे कॅव्हेंडिश गटातील वाण एएए म्हणजे केवळ पहिल्या जातीचे त्रिगुणित ठरले. कोकणातील राजेळी एएबी, तर सफेद वेलची एबी ठरली.

हा पुरावा मोलाचा असला तरी अपुरा होता. लक्षणांवरून जाती कळली. जन्मदाते कळले नाहीत. ते कार्य डीएनएमधील आनुवंशिक खुणांनी केले. केळीत हरितकणूंचा वारसा मातेकडून व कलकणूंचा पित्याकडून येतो, असे १९९४ मध्ये फोर व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविले. बहुतेक वनस्पतींत दोन्ही वारसे मातेकडूनच येत असल्याने ही गोष्ट विलक्षण होय. तिच्यामुळे मातृकुल व पितृकुल वेगवेगळे शोधण्याचा मार्ग खुला झाला. त्यास केंद्रकातील खुणांची जोड मिळाली. इतिहास-संशोधनात बखरीपेक्षा अस्सल कागदास जे स्थान, तेच येथे बाह्य लक्षणांपेक्षा या खुणांस आहे.

राबोआं व सहकाऱ्यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात कॅव्हेंडिशच्या जन्माचा उलगडा झाला. द्विगुणित केळीत २२ रंगसूत्रे असतात व गंतुकात ती निम्मी होतात. परंतु म्लाली नावाच्या गटाशी निकट नाते असलेल्या एका केळीच्या गंतुकात ती निम्मी न होता २२ च राहिली. त्याचा संयोग खाई गटातील केळीच्या ११ रंगसूत्रांच्या गंतुकाशी होऊन ३३ रंगसूत्रांचा वंध्य त्रिगुणित जन्मास आला. ग्रो मिशेल या एकेकाळच्या प्रसिद्ध निर्यातक्षम वाणाचा एक जनकही त्याच म्लाली गटातील असल्याचे आढळले. अर्थात ही दोन्ही कुळे एका बाजूने भावंडे होत.

यावरून खानदेशासंबंधी निघणारा निष्कर्ष गंभीर आहे. बुटकी बसराई आणि १९९० नंतरच्या दशकात ऊतिसंवर्धित रोपांच्या रूपाने येथे पसरलेली ग्रँड नैन यांच्या उंचीत व घडात भेद दिसतो. तो स्वतंत्र जन्माचा नसून, एकाच पूर्वजाच्या कोंबांत कालांतराने घडलेल्या उत्परिवर्तनांचा आहे. म्हणूनच सामान्य आनुवंशिक खुणांनी त्यांना परस्परांपासून वेगळे ओळखणे कठीण जाते. बागांत नावांचे वैविध्य आहे, वंशाचे नाही.

अशा एकवंशी लागवडीचे फळ काय होते, याचे उदाहरण इतिहासात आहे. पनामा रोगाने सुमारे १९६० पर्यंत निर्यातीच्या व्यापारातून ग्रो मिशेलचे उच्चाटन केले. तिची जागा त्या रोगास दाद न देणाऱ्या कॅव्हेंडिशने घेतली. पुढे त्याच बुरशीचा कॅव्हेंडिशलाही ग्रासणारा प्रकार उद्भवला. बिहारमधील ग्रँड नैनच्या बागांत तो आढळल्याची शास्त्रीय नोंद २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली. ज्या कंदास तो मारक, त्याच्या साऱ्या भाऊबंदांस तो मारक.

तात्पर्य, केळीचे कुलवृत्त हा केवळ जिज्ञासेचा विषय नव्हे. नवा वाण निवडताना त्याचे नाव व घडाचे वजन पाहणे पुरेसे नाही; तो कोणत्या कुळातला, हेही पाहिले पाहिजे. वेलची, राजेळी यांसारखी भिन्न कुळांची जुनी केळी आणि जंगलातील बीजयुक्त केळी यांचे जतन या दृष्टीने अगत्याचे ठरते. कंदाला आपले मातापिता सांगता येत नाहीत. त्याच्या पेशींतील खुणा ते सांगतात, आणि तापीकाठच्या बागाईतदारास त्या साक्षीची उपेक्षा परवडणारी नाही.